मधुमेहाच्या गोळ्या का सुटतात: आधी कारण शोधा, मग उपाय करा

टाइप टू मधुमेहात शुगर आटोक्यात येईना, की घरात पहिला संशय भातावर आणि गोडावर जातो. गोळ्या रोज पोटात जातात की नाही, हे सहसा कुणी मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालात म्हटलं आहे, की दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांत विकसित देशांतलेही साधारण निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात. म्हणजे तुमच्या घरी गोळ्या सुटत असतील तर ते अगदी नेहमीचं आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

चूक होते ती पुढे. रिपोर्ट वाईट येतो, घरचे रागावतात, खणांचा डबा आणला जातो, मोबाईलवर अलार्म लागतो आणि पंधरा दिवसांत सगळं पूर्वपदावर येतं. कारण गोळी विसरली जातच नव्हती. ती घेतली की पोट बिघडायचं, किंवा महिनाअखेरीला पैसे संपायचे, किंवा चक्कर येईल या भीतीने ती मुद्दाम टाळली जायची. अलार्मने यातलं काहीच सुटत नाही. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले तीन टाळून थेट डब्याकडे जाऊ नका.

## टप्पा १: सगळी औषधं एका ताटात काढा

घरातलं प्रत्येक औषध एका मोठ्या ताटात आणा. मधुमेहाच्या गोळ्या तर हव्यातच, शिवाय बीपी, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, गुडघेदुखीच्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्ण आणि कुणी आणून दिलेल्या 'शुगरच्या पुड्या'ही. फ्रिज, पर्स, देवघराचा कप्पा, उशाखाली, सगळीकडे बघा. शेजारी डॉक्टरांची ताजी चिठ्ठी आणि एक वही ठेवा.

आता प्रत्येक पट्टीवरचं कंपनीचं मोठं नाव सोडा आणि त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव वाचा. वहीत चार रकाने करा: औषधाचं नाव, ताकद, कधी घ्यायचं, कशासाठी.

इथे दोन घोटाळे हमखास सापडतात. पहिला, एकच औषध दोन नावांनी चालू असतं. दवाखान्यातून घरी सोडताना नवी चिठ्ठी मिळते, जुनी पट्टी तशीच राहते आणि मेटफॉर्मिन किंवा ग्लिमेपिराइड दुप्पट जाऊ लागतं. दुसरा घोटाळा नावामागच्या आकड्यांचा. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेल्या गोळ्यांत नावापुढे १ किंवा २ असतो. तो ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम सांगतो. मेडिकलवाल्याने एकऐवजी दोनची पट्टी दिली, तर शुगर खाली घसरायला तेवढं पुरतं.

तपासा: 'कशासाठी' हा रकाना एखाद्या गोळीपुढे कोरा राहिला का? ही गोळी नक्की काय करते हे माहीत नसेल, तर सर्वांत आधी तीच सुटते. पुढच्या भेटीत विचारायच्या प्रश्नांत ती वर लिहा.

सावधान: एकच औषध दोनदा चालू आहे असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. कुठलं बंद करायचं हे घरात बसून ठरवू नका.

## टप्पा २: गोळ्या मोजा, आठवणीवर जाऊ नका

'रोज घेतो' हे उत्तर मनापासून दिलेलं असतं, पण ते बरोबर असतंच असं नाही. हिशोब साधा आहे. समजा, दिवसाला २ गोळ्या आहेत आणि १ तारखेला १५ गोळ्यांच्या ४ पट्ट्या आणल्या, म्हणजे ६० गोळ्या. २१ तारखेच्या सकाळी, त्या दिवसाची गोळी घेण्याआधी, ४० संपलेल्या असायला हव्यात आणि २० उरायला हव्यात. ३२ उरल्या असतील तर १२ सुटल्या. ४० पैकी २८ घेतल्या, म्हणजे ७० टक्के. संशोधनात साधारणपणे ८० टक्के किंवा त्याहून अधिक गोळ्या घेतल्या तर औषध नियमित चालू आहे असं धरतात.

प्रत्येक औषध वेगळं मोजा. सकाळची गोळी शंभर टक्के आणि रात्रीची निम्मी, असं चित्र फार घरांत निघतं आणि कारण शोधायला तिथूनच धागा मिळतो.

मोजताना ज्याच्या गोळ्या आहेत त्याला सोबत बसवा. त्याच्या पाठीमागे मोजून मग जाब विचारला, तर पुढच्या महिन्यात गोळ्या खिडकीबाहेर जातील आणि हिशोब मात्र चोख दिसेल.

सावधान, हा सर्वांत महत्त्वाचा इशारा: गोळ्या बऱ्याच सुटत होत्या असं कळल्यावर उद्यापासून अचानक पूर्ण डोस सुरू करू नका. निम्म्याच गोळ्या पोटात जात असताना आलेला रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी डोस वाढवलेला असू शकतो. तो वाढवलेला डोस पूर्ण गेला की शुगर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना खरा आकडा सांगा आणि मगच नियमित घ्यायला लागा.

## टप्पा ३: नेमकं कारण ओळखा

या टप्प्याला घाई नको. लेखातला निम्मा उपयोग इथेच आहे.

प्रश्न कसा विचारता यावर उत्तर ठरतं. 'आई, गोळी घेतेस ना नीट?' याला 'हो' हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, 'आई, गेल्या आठवड्यात रात्रीची गोळी किती वेळा राहिली? त्या दिवशी काय झालं होतं?' गोळी राहणं गृहीत धरून विचारलं की माणूस मोकळेपणाने बोलतो. खाली नेहमी सापडणारी कारणं आहेत. एका माणसात दोन-तीन एकत्रही असतात.

पोट बिघडतं. मेटफॉर्मिनने सुरुवातीला मळमळ, जुलाब, तोंडाला विचित्र चव असा त्रास अनेकांना होतो. मग लग्नाला जायचं, एसटीचा प्रवास आहे, बाहेर शौचालय मिळणार नाही, अशा दिवशी गोळी टाळली जाते. महिलांच्या बाबतीत हे कारण विशेष दडलेलं असतं, कारण त्या ते बोलत नाहीत. बहुतेकदा काही आठवड्यांत त्रास कमी होतो. गोळी भरल्या पोटी घेणं, डोस हळूहळू वाढवणं, हळू विरघळणाऱ्या एसआर प्रकारात बदलून घेणं, हे सगळे उपाय डॉक्टरांकडे आहेत. पण त्रास होतो हे त्यांना कळायला हवं. एसआर गोळीचं कवच कधीकधी शौचात तसंच दिसतं आणि 'गोळी पचतच नाही' म्हणून लोक ती सोडून देतात. औषध शरीरात गेलेलं असतं, बाहेर पडतं ते रिकामं कवच. व्होग्लिबोज किंवा अकार्बोजने पोटात गॅस धरतो. तेही सांगा.

शुगर उतरल्याचा एक वाईट अनुभव. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. हे एकदा बसमध्ये किंवा शेतात झालं, की माणूस मुद्दाम शुगर थोडी चढती ठेवतो. ट्रकचालक, रिक्षाचालक, यंत्रावर काम करणारे कामगार यांची ही भीती अगदी खरी आहे. त्यांना 'घाबरू नका' म्हणून भागत नाही. शुगर सहसा धोक्याइतकी खाली न उतरवणारी औषधंही असतात. कामाचं स्वरूप डॉक्टरांना सांगून औषध बदलता येईल का, हे विचारायला हवं.

'आता बरं वाटतंय.' वाढलेली शुगर कित्येक महिने काहीच जाणवू देत नाही, त्यामुळे गोळी घेतल्याचा फायदाही जाणवत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला की कोर्स संपला असं वाटतं. तो रिपोर्ट गोळ्या चालू असताना आलेला असतो. वजन बरंच घटलं तर काहींच्या गोळ्या कमी होतात, बंदही होतात, पण ते तपासण्या करत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

'गोळ्यांनी किडनी जाते.' ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. मूत्रपिंडाला इजा करते ती वर्षानुवर्षं चढलेली शुगर आणि बीपी. मूत्रपिंड आधीच कमजोर झालं असेल तर मेटफॉर्मिनचा डोस कमी करावा लागतो किंवा ते थांबवावं लागतं. या खबरदारीवरून उलटा अर्थ काढला जातो. कारल्याचा रस किंवा मेथ्या घेणाऱ्यांनी ते गोळीच्या जागी घेऊ नयेत. सोबत घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

पैसे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच गोळ्या सुटत असतील तर दुसरं कारण शोधत बसू नका. एक दिवसाआड गोळी, अर्धी गोळी, नवऱ्याच्या औषधासाठी बायकोने स्वतःचं औषध लांबवणं, हे सगळं याच खात्यात येतं. उपाय टप्पा ७ मध्ये आहे.

चोरून घ्यावी लागते. ऑफिसात, सासरी, पंगतीत इन्सुलिनचं पेन काढायला संकोच वाटतो. दुपारचा डोसच नेमका सुटत असेल तर हे पडताळून पहा. दुपारचा डोस नसलेली मांडणी शक्य आहे का, हा रास्त प्रश्न आहे.

दिसत नाही, आठवत नाही, मन लागत नाही. मोतीबिंदूमुळे पांढऱ्या गोळ्या सारख्याच दिसतात. सांधे आखडल्याने पट्टीतून गोळी निघत नाही. जोडीदार गेल्यानंतर कित्येक ज्येष्ठांच्या गोळ्या थांबतात, कारण गोळी काढून देणारा माणूसच राहिलेला नसतो. आणि मधुमेहासोबत नैराश्य बऱ्याच जणांना असतं. झोप, भूक, बोलणं सगळंच कमी झालं असेल तर तो वेगळा उपचाराचा विषय आहे. गोळ्यांवरून ओरडण्याने तो आणखी बिघडेल.

तपासा: वहीत एक वाक्य लिहा: 'अमुक गोळी, अमुक वेळेची, अमुक कारणाने सुटते.' हे वाक्य तयार झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: हे कारण डॉक्टरांपुढे ठेवा

भेट पाच मिनिटांची असते हे धरून चाला. आत गेल्यावर पहिलंच वाक्य हे असू द्या: 'डॉक्टर, महिन्यातल्या अठरा गोळ्या सुटल्यात, बहुतेक रात्रीच्या, कारण त्या घेतल्या की पोट बिघडतं.' रिपोर्ट दाखवण्याआधी हे बोला. रिपोर्ट आधी गेला तर पेन डोस वाढवायला उघडलेलं असतं.

मग विचारायचे प्रश्न: दोन वेळच्या गोळ्या एका वेळेवर येतील का? दोन गोळ्यांची एक होईल का? याच औषधाचं स्वस्त रूप चालेल का? गोळी राहिली तर मी काय करू? उपासाच्या दिवशी काय?

मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ हे जीवनसत्त्व तपासायचं का, हेही विचारा. त्याने बी-१२ कमी होऊ शकतं आणि पायाच्या मुंग्या मधुमेहाच्याच समजून दुर्लक्षित राहतात.

## टप्पा ५: गोळीची वेळ जेवणाशी जुळवा

घड्याळापेक्षा ताटाशी बांधलेली वेळ टिकते. मात्र प्रत्येक औषधाची जेवणाशी जागा वेगळी आहे:

- मेटफॉर्मिन: जेवताना किंवा जेवणानंतर लगेच. एसआर गोळी चावू नका, कुटू नका.
- ग्लिमेपिराइड: दिवसाच्या पहिल्या मुख्य जेवणाच्या थोडं आधी किंवा त्यासोबत. जेवण मिळणार याची खात्री असेल तरच. फक्त चहा-बिस्किटावर नको.
- व्होग्लिबोज, अकार्बोज: पहिल्या घासाबरोबर. जेवण झाल्यावर घेतली तर उपयोग फार थोडा.
- सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन: जेवणाआधी किंवा नंतर, कसंही. पण रोज त्याच वेळी.
- डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन: दिवसातून एकदा, बहुधा सकाळी. लघवीवाटे साखर जाते, म्हणून पाणी नीट प्या आणि जननेंद्रियाची स्वच्छता ठेवा. तिथे खाज सुटली तर लाजून गोळी सोडू नका, त्यावर साधा उपचार असतो.

चिठ्ठीवर वेगळं लिहिलं असेल तर चिठ्ठी प्रमाण.

इन्सुलिनवाल्यांसाठी एक तपासणी आजच करा. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांत १ मिलिलीटरमध्ये ४० युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००. सिरिंजही त्याप्रमाणे दोन प्रकारच्या: लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी १०० साठी. १०० च्या इन्सुलिनला ४० ची सिरिंज लावली तर अडीचपट डोस जातो. बाटली आणि सिरिंज यांवरचा आकडा एकच हवा.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीझरला चिकटून नको. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्या. फ्रिज नसेल तर पाणी शिंपडलेल्या मातीच्या मडक्यात, कोरड्या डब्यात बंद करून ठेवता येतं.

## टप्पा ६: आता डबा आणि खूण

विसर हे कारण निघालं असेल तर हा टप्पा तुमचा. आठवड्याचा, सकाळ-दुपार-रात्र असे खण असलेला डबा घ्या. रविवारी एका बैठकीत भरा. भरणारा आणि घेणारा वेगळा असेल तर भरताना दोघं हजर हवेत. डबा जेवणाच्या जागेजवळ, पण लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. ओलसर ओट्यावर नको. पट्टीतच ठेवायला सांगितलेल्या गोळ्या पट्टीचा तुकडा कापून खणात टाका.

डब्याचा खरा फायदा वेगळाच आहे. 'मी मघाशी घेतली का?' या शंकेने दुसऱ्यांदा गोळी घेतली जाते, ते यामुळे थांबतं.

गोळी राहिली तर: लवकर लक्षात आलं तर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन डोस एकत्र कधीही नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी जेवण टळून गेल्यावर किंवा झोपताना 'भरपाई' म्हणून घेऊ नका.

शुगर ७० च्या खाली गेली तर: तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, तरीही कमी असेल तर पुन्हा द्या, मग जेवण. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साध्या साखरेचा परिणाम उशिरा होतो. तिथे ग्लुकोज पावडरच हवी, ती घरात आणि खिशात ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. ग्लिमेपिराइडने उतरलेली शुगर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्या दिवशी डॉक्टरांना कळवाच.

## टप्पा ७: साठा आणि खर्च

पट्टीत ७ दिवसांच्या गोळ्या उरल्या की नव्या आणायच्या, ही एक खूण पक्की करा. दिवाळीत, निवडणुकीच्या किंवा अतिवृष्टीच्या दिवसांत त्याआधीही.

खर्चासाठी तीन वाटा आहेत. पहिली जनऔषधी केंद्र: चिठ्ठीवरचं मूळ औषधाचं नाव आणि ताकद घेऊन जा. दुसरी सरकारी: महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. औषध कोणत्या वारी आणि किती दिवसांचं मिळतं हे आशाताईंना विचारून ठेवा, म्हणजे रोजगार बुडवून रिकाम्या हाताने परतावं लागणार नाही. तिसरी, जुनी महाग चिठ्ठी पुन्हा तपासून घेणं. विल्डाग्लिप्टिनचं पेटंट २०१९ अखेरीस संपलं, डापाग्लिफ्लोझिनचं २०२० मध्ये, सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये. त्यानंतर या औषधांचे स्वस्त पर्याय आले. त्याआधीची चिठ्ठी अजून चालवत असाल तर जास्त पैसे जात असण्याची शक्यता मोठी आहे.

सावधान: कंपनी बदलली तर जुनी पट्टी त्याच दिवशी बाजूला काढा. टप्पा १ मधला दुप्पट डोसचा घोटाळा इथूनच सुरू होतो.

## टप्पा ८: उपास, आजारपण, वारी

संकष्टीला दिवसभर उपाशी राहून चंद्रोदयानंतर जेवायचं आणि सकाळची ग्लिमेपिराइड नेहमीसारखी घ्यायची, हा सरळ धोका आहे. उलट साबुदाण्याची खिचडी, बटाटा, भगर यांच्या उपासात शुगर चढते. श्रावण, नवरात्र किंवा रमझान सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून उपासाच्या दिवसाची वेगळी मांडणी लिहून घ्या आणि वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवा. त्या पानावर आजारपणाचीही मांडणी हवी: उलट्या-जुलाबांत पाणी कमी होतं, तेव्हा मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या बहुधा तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. डापाग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्यांनी शुगर फार चढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करायचं नाही.

पंढरीच्या वारीत दिवसभर चालणं आणि जेवणाची अनिश्चित वेळ एकत्र येतात. निघण्याआधी डोस विचारून घ्या. गोळ्या दिंडीच्या ट्रकमधल्या बोजात न टाकता अंगावरच्या पिशवीत ठेवा, सोबत ग्लुकोज आणि औषधांची यादी. विमानप्रवासात इन्सुलिन हातातल्या बॅगेत, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं.

## टप्पा ९: तीन महिन्यांनी पुन्हा मोजा

एचबीएवनसी ही तपासणी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून बदल केल्यावर पंधरा दिवसांत ती करून निराश होऊ नका. तोवर दर महिन्याला टप्पा २ मधला हिशोब करा.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आणि वही शेजारी ठेवा. गोळ्या ८० टक्क्यांच्या वर गेल्या आणि एचबीएवनसी उतरलं, तर मांडणी जमली. ती तशीच चालू ठेवा. गोळ्या पूर्ण गेल्या आणि तरीही आकडा चढाच, तर आता औषध अपुरं पडतंय हे डॉक्टरांना ठामपणे सांगता येईल. डोस वाढवण्याचा निर्णय तेव्हा खऱ्या माहितीवर होईल. आणि गोळ्या अजूनही सुटत असतील, तर कारण चुकीचं ओळखलं गेलं. टप्पा ३ वर परत या आणि या वेळी प्रश्न घरातल्या दुसऱ्या कुणाला, शक्यतो ज्याला उत्तर देताना संकोच वाटणार नाही अशा माणसाला, विचारू द्या.